मुसफ्फापर्यंत आलेलं नाव

अबुधाबी, ४ मार्च २०२४

ती. सौ. आईस,
ईशानीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुझा आवाज ऐकला की रडू येतं, म्हणून ईमेलवर लिहितेय. बाळ सत्ताविसाव्या आठवड्यातच आलं. नऊशे दहा ग्रॅम. काचेच्या पेटीत आहे, श्वास मशीन देतंय. मॉनिटर वाजला की मी नर्सला हाक मारते. पायातल्या पट्टीवर नुसतं ‘बेबी ऑफ ईशानी’ आहे. तन्मय रोज नाव विचारतो. मी ठेवू देत नाही. नाव ठेवलं आणि काही झालं, तर?

व्हिसाचं बघ. तुझी माया आत्ता मला फार लागणार आहे.
तुझी, ईशानी

पुणे, ५ मार्च

चि. सौ. ईशानीस,
अनेक आशीर्वाद. व्हिसाचा अर्ज टाकलाय. तुझा अविमामाही सातव्या महिन्यातलाच; आज त्याला खुर्ची पुरत नाही! नावाची घाई नको. बारशाला मी येऊन ठेवीन, तो मान माझा. खोटं कशाला बोलू, मीही घाबरलेय. रोजचं स्तोत्र मध्येच विसरते.

जेवत जा. पोटच्या पोरीइतकाच त्या इवल्याशावर जीव आहे.
तुझी आई, प्रमिला

अबुधाबी, ८ मार्च

ती. सौ. आईस,
शि. सा. न.

रागावू नकोस. काल बाळाच्या हृदयाजवळची न मिटलेली एक रक्तवाहिनी बंद करायला तातडीने ऑपरेशन करावं लागलं. माझं बीपी वाढलेलं, मला औषधाने झोपवलं होतं. फॉर्मवर तन्मयने सही केली. नर्स म्हणाली, नाव नसलं तरी चालतं. पण बिननावाचं लेकरू आत पाठवायला त्याचा हात धजेना. त्याने लिहिलं, मॅग्नस.

शहराबाहेर मुसफ्फाला तो काम करतो त्या जहाजांच्या यार्डातला त्याचा नॉर्वेचा साहेब मॅग्नस त्याला गाडीने घेऊन आला होता. वाटेत त्याने आपल्या नावाची गोष्ट सांगितली. हजार वर्षांपूर्वी तिकडच्या राजाला मुलगा झाला, पण बाळात नुसती धुगधुगी होती. राजा झोपलेला, उठवायची कुणाची छाती नाही. बाप्तिस्म्याआधीच बाळ जाईल म्हणून दरबारातल्या कवीने परस्पर नाव ठेवलं, युरोपातल्या जुन्या शार्लमेन बादशहाच्या ‘मॅग्नस’ या बिरुदावरून. लॅटिनमध्ये ‘थोर’. नाव नव्हतंच ते! राजा आधी भडकला, मग निवळला. पोर जगलं, राजा झालं. पुढे नॉर्वे, स्वीडन, आइसलंड, स्कॉटलंडची बेटं, सगळीकडे घरोघरी मॅग्नस.

शुद्धीवर आल्यावर मी तन्मयला खूप बोलले. तो नुसता रडला. मग मी नेटवर वाचलं, तो राजा जेमतेम तेविसाव्या वर्षी गेला. तेव्हापासून सारखी रडतेय. बाळ अजून डोळे उघडत नाही.

तुझा हात डोक्यावर असू दे.
ईशानी

पुणे, ९ मार्च

चि. ईशानी,
अ. आ. मान गेला म्हणून तासभर फुगून बसले होते, खरंय. मग देवापुढे तेच नाव घेतलं. जिभेला जड जातं. तेवीस वर्षं म्हणून रडतेस? त्या बाळाला एक दिवसही मिळणार नव्हता, वेडे. तन्मयला बोलू नकोस. बाप होता, घाबरला, आणि हातात होतं तेवढं केलं.

व्हिसा आलाय. मंगळवारी उतरते. तोवर तिघं एकमेकांना धरून राहा.
आई

अबुधाबी, ११ मार्च

ती. आईस,
सा. न.

तू निघण्याआधी वाचशील म्हणून घाईत. आज सकाळी श्वासाची नळी काढली. डॉक्टर म्हणाल्या, अजून कित्येक आठवडे इथेच राहावं लागेल, कसलीच खात्री नाही. माझी भीती गेलेली नाही. पण नळी निघाली तसा तो रडला, मांजराच्या पिल्लाएवढ्या आवाजात. मी काचेला तोंड लावून म्हटलं, मॅग्नस, रड बाळा. आणि आई, तो रडतच राहिला.

लवकर ये, आम्हा मायलेकांना तुझी कुशी हवीय.
ईशानी