बंद भट्टीला शाबासकी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. गुडघा कसा आहे? (दुसराही दुखू लागला असेल तर तेही कळव, मागच्या पत्रात तू एकाचंच लिहिलं होतंस.) मी मजेत आहे.

ऑफिसात सध्या माझी चांगलीच शोभा झाली आहे. तुला माहीत आहेच, कोणता उद्योग तेवढाच माल काढायला किती ऊर्जा जाळतो, ते मी मांडत बसतो. यंदा सगळ्या कारखान्यांचा मिळून आकडा झकास उतरला. मी मोठ्या साहेबांना छातीठोकपणे सांगितलं, यंत्रं सुधारली, लोक काटकसर शिकले. ज्या ओतकामाच्या कारखान्याची वीज सगळ्यात जास्त घटली होती, त्याला शाबासकीपत्र द्यायचं ठरलं, आणि ते चौकटीत बसवून मीच घेऊन गेलो. फाटकाशी पहारेकरी एकटाच. त्याने पत्र दोनदा वाचलं आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, भट्टी विझून आठ महिने झाले. आता जळायला आहे काय?" म्हणजे सुधारलं कोणीच नव्हतं. वीज खाणारं ओतकाम बंद पडलं, पुड्यांत बिस्किटं भरणारे कारखाने वाढले आणि सरासरी आपोआप खाली आली. पहारेकऱ्याच्या डोक्यावर मात्र एक दिवा आणि एक पंखा चालू होता. माल शून्य आणि वीज चालू, हा भागाकार आमच्या सूत्रात बसतच नाही. (चहा त्यानेच पाजला. शाबासकीपत्र खिळ्याला लावलं. म्हणाला, भिंत फार ओकीबोकी दिसते.)

घरी येऊन सवयीने घराचाही आकडा काढला. मीटर पूर्वीपेक्षा हळू फिरतो, आणि तुझी भावजय गेल्यापासून मी ती माझी काटकसर समजत होतो. माणशी काढलं तर दीडपट. फ्रिज एका वाटीभर भाजीसाठी दिवसभर घुरघुरतो. मी स्वयंपाकघरात असलो तरी बाहेरच्या खोलीतला दिवा चालूच ठेवतो. तिथे कोणीतरी बसलंय असं वाटतं. यात यंत्रांचा काही दोष नाही.

असो. काळजी करू नकोस, माझं उत्तम चाललंय.

तुझा,
धाकटा

ता. क. ती गेली तेव्हा तू राहायला येते म्हणाली होतीस आणि मी 'गरज नाही' म्हणालो होतो. तेही माझं चुकलंच.

आणखी एक. मागच्या खोलीतल्या पंख्याला तेल दिलंय. फ्रिजला दोघांसाठीही तेवढीच वीज लागते. आणि दाराशी पायऱ्या तीनच आहेत. दोनदा मोजल्या.