सहा मिनिटे चेंडू धरून ठेवल्याबद्दल

मी, नंदन विष्णू केतकर, वय एकाहत्तर, निवृत्त इंजिनिअर, राहणार वॉटर्लू, ओंटारिओ, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. हृदयाचे ऑपरेशन सोमवारी आहे, आणि गेले दोन दिवस मी एका खुर्चीत धड बसलेलो नाही.

१. घर व बँकेतील शिल्लक पत्नी जयंतीला. बेसमेंट आवरण्याचा हट्ट तिने आता खुशाल पुरा करावा.

२. हत्यारे शेजारी ईश्वर यांना. ड्रिल तीन वर्षांपूर्वी नेले ते त्यांच्याकडेच आहे, म्हणजे वाटणीला सुरुवात झालेलीच आहे.

३. मी बनवलेली शॉट क्लॉकची जोडी मुलीच्या, गौरांगीच्या, जुन्या हायस्कूलला. बास्केटबॉलमध्ये चोवीस सेकंदांत बास्केटकडे चेंडू टाकला नाही तर तो प्रतिस्पर्ध्याला द्यायचा, एवढ्यासाठीच हे घड्याळ. आमच्या इथल्या शाळांच्या लीगमध्ये ते अजून नाही. सहा वर्षे मी मीटिंगमध्ये त्यासाठी भांडतो आहे. गौरांगीच्या संघाचे तेव्हाचे कोच डग्लस फ्रेझर दर वेळी म्हणतात, दुबळ्या संघाने चेंडू धरून वेळ काढायचा नाही, तर करायचे काय? मला ते पटत नाही. पण इतरांशी भांडलो तरी खुद्द त्यांच्याशी वाद घालण्याचे तोंड मला नव्हते.

४. कारण असे. १९९७च्या अंतिम सामन्यात सहा मिनिटे उरली असताना आमच्या मुली एका गुणाने पुढे होत्या. टाइम-आउटमध्ये मी मागच्या बाकावरून कोचना चिठ्ठी दिली: शॉट घेऊ नका, चेंडू फिरवत वेळ काढा. आकडेमोड माझी होती आणि मला तिचा फार अभिमान होता. कोचनी ऐकले. सारे जिम हुर्यो करू लागले, मुली गांगरल्या. शेवटच्या आठ सेकंदांत गौरांगीच्या हातून चेंडू गेला, आणि सामनाही. गाडीत ती रडत म्हणाली, “बाबा, कोच डिडन्ट ट्रस्ट अस.” मी म्हणालो, “हो ना.” तिने खेळ सोडला. कोचशी ती पुन्हा बोलली नाही. कोचनी चिठ्ठीचे नाव कधी काढले नाही. वीस वर्षे मीही गप्प बसलो. मला लाज वाटते.

५. वरील कलम गौरांगीला माझ्या पश्चात वाचून दाखवावे. (हे कलम खोडले आहे.)

खोडण्याचे कारण: साक्षीला मी कोचनाच बोलावले आणि त्यांना हे इंग्रजीत वाचून दाखवले. त्यांनी पेन खाली ठेवले. “कॉल हर, नंदन. आय विल साइन आफ्टर.” मी चहा विचारला, गोळ्यांची डबी शोधली, विंटर टायर्सचा विषय काढला. ते कोट घालून तसेच बसून राहिले. शेवटी ब्रॉसार्ड गावी राहणाऱ्या गौरांगीला फोन लावला.

सगळे ऐकून ती म्हणाली, “मी त्यांना वेडिंगला इन्व्हाइट नाही केलं, बाबा. तुम्ही लिस्ट बघितली होती.” मग म्हणाली, “गिव्ह हिम द फोन.”

ते दोघे चाळीस मिनिटे बोलले. मी दारापाशी उभा होतो. फोन माझ्या हातात परत आला तोवर तिने ठेवून दिला होता. मग शेजारच्या पद्मजा राजवाडे यांना बोलावून आम्ही तिघांनी सह्या केल्या.

लिहून ठेवणार: नंदन विष्णू केतकर
साक्षीदार: १. डग्लस फ्रेझर २. पद्मजा राजवाडे, शेजारीण
वॉटर्लू, शनिवार, १८ नोव्हेंबर २०१७