कोपऱ्यावरचा हॉर्न

४ मार्च

कामाच्या जागेवरच्या सुरक्षिततेचं अधिकृत ट्रेनर व्हायचं म्हणून पाठवलंय मला! अर्धं आयुष्य फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या बाईला बाकावर बसवून फोर्कलिफ्ट म्हणजे काय ते शिकवतात. शिकवणाऱ्याचं नाव मी गोगलगाय ठेवलंय. एक वाक्य बोलतो, पाणी पितो, पडद्यावरचं तेच वाक्य वाचतो, पुन्हा पाणी पितो. जन्मात कधी खोकं उचललेलं दिसत नाही. उंटावरून शेळ्या हाकणारा!

पण ट्रेनरचं कार्ड मिळालं की आमच्या गोडाऊनमध्ये मशीनवर कोण बसणार आणि कोण नाही, ते मी ठरवणार. तेवढ्यासाठी गोगलगायसुद्धा सहन करीन.

५ मार्च

दिवसभर ‘धोका म्हणजे काय’. डुलकी लागून बाकावरून पडणं – मला तरी तेवढाच धोका दिसला.

६ मार्च

शेजारी रंगाच्या कारखान्यातला सुपरवायझर बसतो. गोगलगाय खोकला तरी लिहून घेतो. अशी माणसं उद्या दुसऱ्यांना शिकवणार!

आज प्रश्न आला – तुमच्याकडचा सगळ्यात चांगला चालक कोण? मी हात वर केला. माझा दादा. सख्खा भाऊ. मला मशीन शिकवलं त्यानेच. बाकीचे मोकाट बैलासारखे वळतात. दादा प्रत्येक कोपऱ्यावर थांबतो, हॉर्न देतो, कोणी ‘या दादा’ म्हटलं की मगच वळतो. सगळ्या गोडाऊनला आता सवय झालीय. झाडूवाल्या मावशीसुद्धा हातातलं काम न सोडता ‘या दादा’ म्हणतात.

गोगलगायने पाण्याचा घोट घेतला. “थांबल्यावर तो बघतो, की ऐकतो?”

काय पण प्रश्न! सगळे हसले, मीही हसले. पुस्तकं वाचून वाचून डोक्यावर परिणाम होतो तो असा.

९ मार्च

आज प्रत्येकाने एकेक धडा घेऊन दाखवायचा होता. रंगवाल्याने हेल्मेट उलटं घातलं आणि हेल्मेटचं महत्त्व सांगितलं. माझा धडा झकास झाला. मीच म्हणते, कारण दुसरं कोणी म्हणण्याच्या लायकीचं नव्हतं तिथे.

आता गोगलगायच्या देखत आपापल्या चालकांची परीक्षा घ्यायची. मग कार्ड.

११ मार्च

गोडाऊनमध्ये परत. मेला तो प्रश्न डोक्यातून जाईना. जेवणाच्या सुट्टीनंतर खोक्यांच्या रांगेत, दादाच्या वाटेवरच जाऊन उभी राहिले. त्याने कोपऱ्यावर हॉर्न दिला. मावशी कुठूनतरी लांबून ‘या दादा’ म्हणाल्या. तो वळला. मी हात हलवला. तो माझ्याकडे तोंड करून येत होता – आणि येतच राहिला! शेवटी मीच अंग चोरून बाजूला झाले. मी तिथे होते हे त्याला कळलंसुद्धा नाही.

दिसत नाही त्याला.

त्याचा राग येतोय, त्याहून जास्त माझा. रोज डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मी त्याला सावधपणा म्हणत होते. गाढव मी, गाढव!

१२ मार्च

साहेबाला सांगितलं. म्हणतो, दादा पुढच्या वर्षी निवृत्तच होतोय, घरचा माणूस आहे, सही करून मोकळ्या व्हा. मशीनवरून काढलं तर दुसरं काम नाही म्हणे त्याच्यासाठी. म्हणजे घरी बसायचं. भाचीचं कॉलेज अजून संपायचंय. आणि उद्या मावशी चाकाखाली गेल्या तर हाच शहाणा म्हणेल, ट्रेनरची सही आहे बघा! नालायक.

भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे तर ती माणूस मारेल.

दादाला फोन लावला. सगळं बोलणार होते. त्याने विचारलं, जेवलीस का? हो म्हटलं आणि ठेवून दिला.

१३ मार्च

हॉर्नला कोणी उत्तर द्यायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं. कोपऱ्यापलीकडे गोगलगायने माणसाएवढा पुठ्ठा उभा केला. बाकीचे वळले, पुठ्ठा दिसला, थांबले. बैल ते बैल, पण थांबले.

दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. कोपऱ्यावर थांबला. हॉर्न दिला. गोडाऊन चिडीचूप. परत दिला. मावशींनी तोंडावर हात दाबून धरला होता. मग त्याने मान माझ्या दिशेने वळवली.

“पुढे कोणी आहे का गं?”

माझं काम गप्प राहण्याचं होतं. राहिले. त्याने मशीन बंद केलं आणि दांडा चाचपत खाली उतरला.

नापास लिहिलं. अक्षर वाकडं आलं. गोगलगाय नुसता पाणी प्यायला. काही बोलला असता तर त्याची पाण्याची बाटली त्याच्याच डोक्यात घातली असती.

१४ मार्च

कोणी बोलत नाही माझ्याशी. कार्डासाठी सख्खा भाऊ विकला म्हणे! हॉर्न द्या म्हणून मी घसा कोरडा करायचे तेव्हा हेच लोक दात काढायचे. आता आलेत न्याय करायला!

वहिनी फोन उचलत नाही. बरोबर आहे तिचं. मीही उचलला नसता.

१६ मार्च

कार्ड मिळालं. हातात देताना साहेब म्हणाला, आम्ही खरं तर ट्रेनिंगला दुसऱ्यालाच पाठवणार होतो. तुमचा दादा केबिनमध्ये येऊन बसला, हलेचना. म्हणाला, “माझ्या बहिणीला पाठवा. मला मशीनवरून उतरवेल अशी तीच एक आहे.”