एकदा यादी लागली की

सर, तुमच्या नावाचा करंडक मी माझ्या खेळात ठेवणार नाही, हे सांगायला बसले आहे. तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा ही बातमी तुमच्यापर्यंत दुसरं कुणी आणणार नाही. आणि आणली असती तरी तुम्ही चष्मा कपाळावर चढवून एवढंच म्हणाला असता, की पोरीचा राग अजून गेलेला दिसत नाही. नाही गेला. जुना राग खरं तर बराचसा निवला होता. गेल्या महिन्यात तो नव्यानं आला आणि या वेळी येताना कारणही पक्कं घेऊन आला.

आधी खेळाचं सांगते, कारण तुमच्या हयातीत सोलापुरात बसून असलं काही करता येईल असं कुणी मानलं नसतं. हा इंटरनेटवर खेळायचा खेळ आहे. खेळणाऱ्याला मोटारींचा एक लहानसा कारखाना मिळतो. रॅलीत उतरवायची गाडी कशी बनवायची, इंजिन जोरकस घ्यायचं की टिकाऊ, स्प्रिंगचे पाटे किती कडक ठेवायचे, ड्रायव्हर कोण, त्याच्या शेजारी बसून वाट सांगणारा कोण, मुक्कामाच्या ठिकाणी गाडी उघडून पुन्हा जोडणारे कोण, हे सगळं त्यानंच ठरवायचं. दर आठवड्याला रॅली असते. कुठकुठल्या देशांतले लोक आपापले कारखाने घेऊन उतरतात आणि मग घरी बसून निकालाकडे डोळे लावतात. गाडी कुणालाच चालवता येत नाही. स्टिअरिंग मी दिलेलंच नाही. हा खेळ विकत घ्यायला पुण्याहून एका कंपनीतले साहेब आले होते. माझ्याहून पुष्कळ लहान, बोलायला गोड. त्यांनी विचारलं, मॅडम, गाडी चालवताच येत नसेल तर मोटारींचा खेळ कोण खेळणार? मी म्हटलं, मी खेळले असते. त्यांनी चहा संपवला आणि ते परत गेले. चादरींच्या कारखान्यातली संगणकावरची बरी नोकरी सोडून मी हे करत होते, अम्मीनं त्या दिवशी स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आपटली, तरी मी स्टिअरिंग घातलं नाही. आज खेळ चालतो आहे. सात रस्त्याच्या मागच्या बाजूला, अब्बांचा टेम्पो जिथं उभा असायचा त्या शेडच्या वरच्या खोलीत बसून मी तो चालवते.

पण मला सांगायचं आहे ते तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपमधलं. आमच्या वर्गात मी एकटी मुलगी. तुम्ही मोडकळीला आलेली एक जीप कुठून तरी मिळवली होती आणि कॉलेजांच्या रॅलीत ती उतरवायची असं ठरवलं होतं. ते दिवस मला अजून वासासकट आठवतात. तुम्ही जीपखाली आडवे पडलेले आहात, फक्त पायातल्या चपला दिसताहेत आणि नट आवळताना तुम्ही कानडीत मोजताय, ओंदु, एरडु, मूरु. मैंदर्गीचं तुमचं घर, तिथली भाषा तुमच्या हातात होती, तोंडात मराठी. मी भिंतीवर मोठा कागद लावून मुक्कामाचं वेळापत्रक आखतेय. कुठल्या मुक्कामाला चाकं बदलायची, कुणी जॅक लावायचा, कुणी तेल बघायचं, वेळ कमी पडला तर काय सोडून द्यायचं. तुम्ही बाहेर येता, हात पुसता, कागद बघता आणि सगळ्या मुलांना हाक मारून म्हणता, हे वाचा, गाडी चालवणारे पुष्कळ मिळतात, गाडी पोचवणारा एखादाच असतो. त्या दिवशी तुम्ही आम्हाला घरी नेलंत. काकूंनी गव्हाची गोड हुग्गी केली होती. ओट्याला टेकून उभी राहून मी दोन वाट्या खाल्ल्या आणि काकूंनी न विचारता तिसरी भरली. मग तुम्ही संघाची यादी सूचनाफलकावर लावलीत. मुक्कामप्रमुख म्हणून माझं नाव होतं. मी ती यादी वाचायला उगाचच पुन्हा पुन्हा त्या बोळातून जात होते.

निघायच्या आदल्या दिवशी यादी बदलली. फलकावर नवा कागद होता आणि त्यात मी नव्हते. मी तुमच्या खोलीत आले, तर तुम्ही वर न बघता म्हणालात, बाहेरगावी दोन रात्री मुक्काम आहे, मुलांच्यात एकटी मुलगी कुठं ठेवू, तुझ्या घरचे काय म्हणतील. मी सांगितलं, घरी विचारलंय, हो म्हणालेत. तुम्ही म्हणालात, ते आत्ता हो म्हणतील गं.

संध्याकाळी अब्बा स्वतः आले. बार्शीला माल टाकून आले होते, शर्टावर पोत्यांची धूळ तशीच. मी त्यांच्या मागे दारात उभी होते, म्हणून मला शब्द न् शब्द माहीत आहे. तुम्ही त्यांना बसा म्हणालात, ते बसले नाहीत. म्हणाले, "सर, मी येतो की संगट. टेम्पो मोकळाच हाय. पोरगी टेम्पोत झोपंल, मी भाईर पडतो. तुमाला काय बी तरास न्हाय." माझ्या अब्बांनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. तुम्ही खूप सौजन्यानं बोललात, चहाही मागवलात. पण जबाबदारी शेवटी माझ्यावर येते, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहिलात. अब्बा मला घेऊन घरी आले. दारात चप्पल काढताना म्हणाले, माणूस वाईट नाही, घाबरतोय.

तुम्ही तिसरे आलात. हे मी प्रामाणिकपणे लिहिते, कारण मी नसल्यामुळे गाडी कुठं खड्ड्यात गेली असती तर मला बरं वाटलं असतं, पण तसं झालं नाही. माझाच कागद भिंतीवरून काढून सोबत नेला होता आणि तो बरोबर निघाला. सत्कार झाला, फोटो बोळात लागला, त्यात सगळे होते. नंतर तुम्ही मला बोलावून तुमचा स्वतःचा, नट किती आवळला ते दाखवणारा टॉर्कचा पाना पुढे केलात, लाल डबीसकट. त्या काळी तसा पाना सोलापुरात फार थोड्यांकडे असेल. मी हात मागे बांधून उभी राहिले. तुम्ही म्हणालात, राहू दे इथं, मन झालं की ने. मन झालं नाही. लोक म्हणतात, बक्षीस नाकारणं हा उर्मटपणा. असेल. ज्याला चूक झाली एवढं म्हणता येत नाही त्यानं त्याऐवजी वस्तू देऊ नये, हे मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

एवढ्यावर मी तुम्हाला सोडून दिलं होतं, सर. वर्षं गेली तसं अब्बांचं म्हणणं मी मान्य करत आले होते, की माणूस घाबरला. घाबरणाऱ्या माणसावर किती दिवस रागवायचं? पण गेल्या महिन्यात वर्गातला आपल्या जीपचा ड्रायव्हर माझ्याकडे आला. बार्शीला त्याचं स्पेअर पार्टचं दुकान आहे, पोट सुटलंय, माझा खेळ तो रोज खेळतो आणि वरचेवर हरतो. जुन्या विद्यार्थ्यांनी त्याला पाठवलं होतं. वर्षअखेरीच्या रॅलीच्या करंडकाला तुमचं नाव द्यावं अशी सगळ्यांची इच्छा होती. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, सर देवमाणूस होते. मी म्हटलं, तुमच्यासाठी असतील, मला यादीतून काढलं त्यांनी.

तो जरा गोंधळला. मग अगदी सहज, समजूत घालावी तसं म्हणाला, "पण त्यात सरांचा काय दोष? तुझ्या वडिलांनीच नको म्हटलं होतं की."

मी विचारलं, कुणी सांगितलं. तो म्हणाला, सरांनीच, निघताना जीपमध्ये. पोरगी हुशार आहे, पण घरचे सोडत नाहीत, त्यांच्यात नाही चालत, असं म्हणाले. आम्हाला सगळ्यांना वाईट वाटलं होतं गं.

मी त्याला अब्बांचा टेम्पो, पोत्यांची धूळ, दारात उभी असलेली मी, सगळं सांगितलं. तो ऐकत गेला आणि त्याचा चहा गार झाला. एवढी वर्षं तो, आणि त्याच्यासारखी वर्गातली सगळी मुलं, आता टक्कल पडलेली माणसं, माझ्या अब्बांना मुलीला कोंडून ठेवणारा बाप समजत आली होती. ईदला घरी यायची, शिरखुर्मा प्यायची, अब्बांशी हसून बोलायची आणि मनात हे असायचं. आणि तुम्हाला ठाऊक होतं, सर, की हे खपेल. आमच्या घराबद्दल असं काही सांगितलं की कुणी पुरावा मागत नाही. दुसऱ्या एखाद्या मुलीच्या बापाबद्दल बोलायचं असतं तर तुम्ही निदान दहादा विचार केला असता. तुमची भीती मी माफ करत आणली होती. पण ती स्वतःच्या खांद्यावर न घेता तुम्ही माझ्या अब्बांच्या खांद्यावर ठेवलीत, त्या माणसाच्या, जो तुमच्यापुढे उभा राहून स्वतः उघड्यावर झोपायला तयार होता.

अब्बांना सांगावं की नाही हे मला ठरवता येईना. मग सांगितलं. ते आता फारसे खाली उतरत नाहीत, खिडकीशी बसून रस्ता बघतात. घरी आम्ही दखनीत बोलतो, ते मराठीत लिहिते. ऐकून म्हणाले, "त्या वेळी नाही म्हणणाऱ्या बापालाच मान होता. मला फुकटात मिळाला म्हणायचा." आणि हसले. त्यांना हसता आलं. मला नाही आलं.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सगळं लिहिलं, न चिडता, घडलं त्या क्रमानं, आणि शेवटी लिहिलं की करंडकाला नाव मिळणार नाही. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, असं दोघांनी सुनावलं. एकानं हात जोडल्याचं चित्र टाकलं, त्याचा अर्थ मला अजून कळलेला नाही. मग बार्शीहून ड्रायव्हरचा निरोप आला, सगळ्यांना दिसेल असा. ती खरं बोलतेय, जीपमध्ये मीही होतो आणि मी ते काही न विचारता ऐकून घेतलं, मी तिच्या वडिलांना भेटायला येणार आहे. तो आला. अब्बांनी त्याच्याशी टायरच्या भावावर गप्पा मारल्या आणि तो विषय काढूच दिला नाही. जाताना त्यानं वाकून त्यांच्या पायांना हात लावला, तेव्हा अब्बांनी पाय आत घेतले, पण त्याच्या पाठीवर हात ठेवला.

माझ्या खेळात एक नियम आहे, त्यावर खेळाडू सगळ्यात जास्त भांडतात. संघाची यादी एकदा लागली की मालकाला कुणाचंही नाव काढता येत नाही. माणूस कच्चा निघो, कुणाशी पटो न पटो, ज्याला घेतलं त्याला घेऊनच रॅली पुरी करायची. कुठल्या तरी बर्फाच्या देशातला एक जण मला दर हंगामात लांबलचक पत्र पाठवतो, की हा नियम मूर्खपणाचा आहे, खऱ्या जगात असं नसतं. मी त्याला दर हंगामात एकच उत्तर देते. खऱ्या जगात असं नसतं म्हणूनच मी तो केला आहे. तो चिडतो आणि पुढच्या रॅलीत पुन्हा उतरतो. हा नियम कसा आला हे कुणाला ठाऊक नाही. तुम्हाला मात्र मी सांगून ठेवते आहे. तुम्ही खेळात आला असता, सर, तर तुम्हीही तो पाळला असता. दुसरा इलाजच नसता.

हे लिहून मी कुठं पाठवणार नाही. काकूंचा पत्ता आहे माझ्याकडे, पण त्यांच्यावर हे टाकायचं नाही, त्यांनी मला न मागता वाटी भरून दिली होती. फक्त एक गोष्ट राहिली. मी आता आपल्या भागातला एक रस्ता खेळात आणते आहे, अक्कलकोटच्या पलीकडचा, मैंदर्गीकडे जाणारा, काळ्या मातीचा. जरा पाऊस झाला की ती माती चाकांना कशी धरते, किती अंतरावर गाडी जड होते आणि कुठल्या टायरला ती सुटते, याचं गणित चार दिवस मांडतेय आणि जमत नाही. दोघा-तिघांना विचारलं, त्यांना सांगता आलं नाही. तुम्हाला ते ठाऊक असणार. आज दुपारी हिशेब पुन्हा चुकला, तेव्हा मी मोठ्यानं म्हणाले, सरांना विचारलं पाहिजे. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, हे बरं झालं.