पूर्ण ताट

४ ऑगस्ट
"हमाल भावांनो, गोदामाच्या खानावळीत तुमचा भात निम्मा केलाय. म्हणे आरोग्यासाठी! पन्नास किलोचं पोतं काय काकडीच्या चकत्यांवर उचलायचं?"
माझ्या सभेत एवढ्यावरच टाळ्या. मग समजावलं: भात, पाव, बटाटे म्हणजे राबणाऱ्या स्नायूंचं इंधन. जेवढं ओझं तेवढं अन्न. पुस्तकं वाचून बोलते मी, तोंडाची वाफ दवडत नाही.
मॅनेजर म्हणाला, "बाई, सगळेच काही पोती उचलत नाहीत." उडवून लावलं त्याला! लोक हसले.

९ ऑगस्ट
जिंकलो! ताटं पुन्हा भरली. हे पहिल्या रांगेत. गुडघा गेल्यापासून ह्यांचं काम फाटकाशी, खुर्चीत — तरी दोनदा भात घेतला.
मुकादम ओरडला, "लढाई वहिनींची, लूट दादांची!"

१७ ऑगस्ट
ह्यांच्या अंगठ्याला बूट चावलाय. आठवडा झाला, जखम भरत नाही. सारखं पाणी पितात. दवाखान्यात चला म्हटलं, तर म्हणे, "पुढारीणबाई, सभेला उशीर होतोय. निघा."
निघाले. निघालेच मी!

२५ ऑगस्ट
पाऊल काळं पडलंय. डॉक्टरीणबाईंनी मार्चचा केसपेपर समोर धरला. साखर. भात-पाव मोजून खा, बसल्याबसल्या का होईना रोज व्यायाम करा — सगळं लिहून दिलेलं. मला एका शब्दानं सांगितलं नाही. तेव्हापासून कमी जेवत होते, मला वाटलं भूक मंदावली. मग माझ्या सभा सुरू झाल्या.
"का हो लपवलंत?"
"अगं, तुझ्याच नवऱ्यानं भात नको म्हटलं असतं, तर मॅनेजरनं तेवढंच धरून ठेवलं असतं."
घरी ह्यांना वाढत कोण होतं? मीच. आग्रह करकरून.

२७ ऑगस्ट
पाऊल काढलं.
शुद्धीवर आल्याआल्या विचारलं, "ताटं कमी नाही ना केली पुन्हा?"
जगाला शहाणपण शिकवणारी मी — ह्यांची चादर सारखी करत बसले.

३१ ऑगस्ट
मुकादम भेटायला आला होता. जिन्यात थांबला, खाली बघत म्हणाला, "वहिनी, साखर मलाही आहे. तीन वर्षं झाली. आणखी चौघांना तरी असेल. तुमच्यासमोर कोण बोलणार?"
उद्या खानावळीच्या दारात उभी राहून एवढंच म्हणायचं: भावांनो, ताट घेण्याआधी दवाखान्यात चला, रक्तातली साखर तपासून घ्या. आत्ता. माझ्याबरोबर.