पॉपलर फोर्कच्या एकरावरचा हक्क

मी, ऑर्डेला हॅगवुड, माहेरची प्रॅटर, वय वर्षं त्र्याहत्तर, राहणार पॉपलर फोर्क, टेनेसी, स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र करत आहे. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. त्याबद्दल कोणाला शंका असेल तर मी जिवंत आहे तोवर येऊन बोलावं.

एक. राहतं घर, परस, रजया आणि लोखंडी तवे माझी मुलगी नेल्डा हिला. मोठा तवा साबणाने घासायचा नाही.

दोन. माझे यजमान हर्शेल यांची सुतारकामाची हत्यारं जावयाला. तो ती गंजवणार, हे मला ठाऊक आहे. पण दुसरा जावई नाही.

तीन. हर्शेलचं बोलायचं यंत्र तालुक्याच्या दवाखान्याला, ज्याला लागेल त्याच्यासाठी. याबद्दल जरा लिहावं लागेल.

हर्शेल आमच्या चर्चमध्ये गाणी सुरू करून द्यायचे. आमच्याकडे वाद्य नाही, नुसते गळे. बायबलच्या नव्या करारात गा म्हटलंय, वाजवा म्हटलेलं नाही. माझे बाबा सांगायचे, "दुकानातून मीठ आण म्हटलं, तर काकवी आणू नको हे वेगळं सांगावं लागतं का, पोरी?" मला ते पटलं होतं. अजून पटतं. सगळे गळे एकत्र लागले की पियानो म्हणजे मध्येच बोलणारा पाहुणा वाटेल.

मग हर्शेलच्या घशात गाठ झाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं. बॅटरीवरचं यंत्र गळ्याला टेकवलं की डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखा आवाज यायचा, पण शब्द कळायचे. पहिल्याच रविवारी ते त्या यंत्रावर गायले. चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी, म्हणजे एल्डरांपैकी, एक कोय लॅसेटर त्याच संध्याकाळी आमच्या ओसरीवर आले.

"ऑर्डेलाताई, ते यंत्र आहे. शास्त्रात यंत्राने गायचं कुठे सांगितलंय?"

"मनाई तरी कुठे केलीय, कोयभाऊ? तुम्ही सूर धरायला शिट्टी वाजवता, ती कुठे सांगितलीय?"

"ती गाणं सुरू व्हायच्या आधी खिशात जाते."

"म्हणजे तेवढा वेळ देव दुसरीकडे बघतो?"

ते हसले नाहीत. खरी भीती जमिनीची होती. चर्च उभं आहे तो एकर माझ्या बाबांनी दिलेला. खरेदीखतात अट आहे की उपासनेत कोणतंही यांत्रिक वाद्य वाजलं तर जमीन त्यांच्या वारसाकडे परत यावी. वारस मी एकटी.

"म्हणजे माझ्याकडेच ना? मला नको. तो हक्क सोडते, उद्याच लिहून देते," मी म्हणाले.

"द्या. मग परवा तरुण मंडळी पियानो आणतील. चालेल?"

पियानो मलाही नको होता. ज्या अटीने पुढे माझ्या माणसाचं तोंड बंद केलं, ती मोडायला माझा हात धजेना. त्या दिवसापासून मी त्या बाकावर अडकले, ती आजतागायत. नेल्डा म्हणते, "आई, सोडून का नाही दिलंस ते चर्च?" कुठे जाऊ, बाळा? रस्त्यावर आणखी दोन चर्च आहेत. दोन्हींत ऑर्गन आहे.

एल्डरांची बैठक झाली तेव्हा हर्शेलना यंत्र बाहेर ठेवून आत यायला सांगितलं. निर्णय होईपर्यंत ते वाजू नये म्हणून. निकाल त्यांच्याविरुद्ध लागला. नंतर कोयभाऊ मला म्हणाले, "हर्शेलना मान्य आहे. ते काही बोलले नाहीत." त्यांना खरंच तसं वाटत होतं. मरेपर्यंत हर्शेल दर रविवारी माझ्या शेजारी बसायचे, गाण्यात ओठसुद्धा हलवायचे नाहीत. अंगठ्याने माझ्या मनगटावर ताल धरायचे, आणि कधी कधी इतका जोरात की वळ उठायचा. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला दर वेळी कळत होतं. कारण मी त्यांना ओळखत होते. शास्त्र जिथे बोलत नाही तिथेही माणसाने आधी बोलणाऱ्याला ओळखावं, मग मीठ की काकवी ते ठरवावं, असं मला आता वाटतं. बाबांना हे सांगायची हिंमत मला झाली नसती.

चार. माझा अंत्यविधी त्याच चर्चमध्ये व्हावा. गाणी पूर्ण म्हणावीत, घरी जेवण वाट बघतंय म्हणून मधली कडवी गाळू नयेत.

पाच. त्या एकरावरचा माझा जो काही हक्क आहे, तो मी कोय लॅसेटर यांना व्यक्तिशः देत आहे. त्यांनी तो राखावा, सोडावा की वापरावा, याबद्दल मी इथे एक अक्षर लिहिलेलं नाही. विसरले म्हणून नव्हे. माझं न बोलणं ही परवानगी आहे की मनाई, हे त्यांनीच ठरवावं. हर्शेलचं न बोलणं त्यांना एका बैठकीत समजलं होतं.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांदेखत खाली सही केली.

ऑर्डेला प्रॅटर हॅगवुड

साक्षीदार: थर्मन ओकली, पोस्टमास्तर
विल्मा जीन ओकली, त्यांची पत्नी

पॉपलर फोर्क, टेनेसी
९ ऑक्टोबर १९७८