संवेदनशील रोपाची दया आली त्याची हकिगत

ती. आत्यास साष्टांग नमस्कार (गुडघा दुखतोय, म्हणून सध्या कागदावरच).

पत्राला दोन महिने लावले, कबूल. पहिला महिना पेन सापडत नव्हतं, दुसऱ्यात सापडलं ते विसरलो. तुझी कंबर कशी आहे? आतोबा अजून त्याच खुर्चीत ना?

मी सध्या बियाणं संशोधन केंद्रात किडे मोजतो. हसू नकोस. जाळीघरात चवळीच्या चाळीस कुंड्या आहेत. काही वाणांवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) फोफावतो, काहींवर नाही. असं का, हे आमच्या बाईंना (शास्त्रज्ञ आहेत, आवाज थेट तुझा) शोधायचंय. मी रोज भिंगातून बघायचं, मादी कुठे बसली, कितीदा सोंड खुपसली, किती पिल्लं टाकली, आणि वहीत लिहायचं. (अंडी नाहीत, थेट पिल्लं. नवराही लागत नाही. हे गल्लीत सांगू नकोस.)

घोटाळा एका शब्दाने केला. कुंड्यांवर चिठ्ठ्या होत्या, 'प्रतिकारक' आणि 'संवेदनशील'. आता संवेदनशील म्हणजे तुमच्या शेजारचे मास्तर, दुसऱ्याचं मांजर शिंकलं तरी डोळे पुसणारे, एवढंच मला ठाऊक. त्या बिचाऱ्या रोपांवर माव्याची ही गर्दी, पानं मुडपलेली; मला बघवेना. शेजारी प्रतिकारक मंडळी हिरवीगार, धडधाकट. म्हटलं, थोडं यांनीही सोसावं! कुंचल्याने तीस माद्या उचलल्या आणि त्यांच्यावर सोडल्या. संवेदनशील म्हणजे कीड पटकन धरणारं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं (सांगितलं असेल, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो).

दहा दिवसांनी बाईंना कळलं. "अहो महाशय, हा प्रयोग आहे, बदली खातं नाही! उद्यापासून येऊ नका." आत्या, आठ नोकऱ्या मी आपणहून सोडल्या, पण ही सोडवेना. मी वही टेबलावर ठेवली. बाईंनी चाळली, मग खुर्ची ओढून बसल्याच. झालं होतं असं की, मनात धाकधूक म्हणून मी त्या तीस जणींवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं होतं. जुन्या रोपावर दहा दिवसांत साठ-साठ पिल्लं टाकणाऱ्या बाया इथे कशाबशा नऊवर आलेल्या. सोंड खुपसायची, काढायची, दुसरं पान, तिसरं पान, शेवटी जाळीला जाऊन चिकटायचं. झालेल्या पिल्लांतही कितीतरी जणांना उडून जायला पंख फुटले. म्हणजे मावा तोच, करामत रोपाची!

"हे सगळं तुम्ही लिहून ठेवलंत?" बाईंचा आवाज एकदम खाली. आता तोच प्रयोग मुद्दाम आणि नीट करायचाय, मीच. फक्त पूर्ण हंगाम टिकायचं. आणि गंमत म्हणजे, मला टिकावंसं वाटतंय.

त्या रोपांकडे बघताना तुझी फार आठवण येते. रागावू नकोस. काटा नाही, दिसायला टवटवीत, पण पाहुण्याने एक घोट घेतला की निघालाच. (चहात साखर घालत जा गं.) मलाही तुझ्याकडे चौथ्या दिवशी पंख फुटले होते.

तुझा,
भिरभिऱ्या

ता. क. : 'हा मुलगा टिकतो' असं घरच्या मोठ्या माणसाने लिहून द्यावं, ही बाईंची अट आहे. शनिवारच्या आत पाठव. चहाचा मजकूर वाचू नकोस.

ता. क. २ : पाकीट चिकटवत होतो तर दार वाजलं. आतोबा! खुर्चीशिवाय! हातात पिशवी, राहायला आलेत. तिसरा कप चाललाय, चार चमचे साखर. तुझं पत्र राहू दे, सही तेच करतायत. त्यांची अट एकच : ते इथे आहेत हे तुला कळवायचं नाही.